मंदाचे वजन

मंदा गेली त्याच्या अकरा दिवस आधी मी तिला नगरच्या इस्पितळात शेवटचे पाहिले. दुसऱ्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड होता, खिडकीकडची खाट तिची. तिची मुलगी ऋतुजा वाटीतली भाताची पेज चमच्याने भरवत होती. मला पाहताच मंदाने चमचा हाताने बाजूला सारला. "वस्ताद, सकाळी नर्सनं काट्यावर उभी केली मला. त्रेचाळीस भरले. म्हणलं, आमच्या वस्तादांना सांगावा धाडा, आता कुठल्याबी गटात बसते मी." ऋतुजा हसली नाही. शेजारच्या खाटेवरची बाई मात्र हसली. तिला वाटले, साधा विनोद आहे. मी स्टूल ओढून बसलो. जिच्या मानेवर एके काळी दोन मुली बसवून मी बैठका मारायला लावत असे, ती मान उशीवरून उचलायला तिला दोन प्रयत्न लागत होते. मी अर्धा तास बसलो. त्या अर्ध्या तासात जे बोलणे झाले ते पुढे यथाक्रम येईल.

बातमी तिच्या नवऱ्याने, रामनाथने कळवली. सकाळची वेळ होती, मी बंबात लाकडे घालत होतो. "वस्ताद, मंदा गेली," एवढेच तो म्हणाला. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. मृत्यूच्या बातमीला असे उत्तर देऊ नये, हे मला पाणी तापून अंघोळ होईपर्यंत कळले नाही. पुन्हा फोन करून दुरुस्ती करण्याचा माझा स्वभाव नाही. मी कपडे केले आणि स्टँडवर गेलो.

त्याला आता सात आठवडे झाले. या पुरवणीच्या संपादकांनी मंदाच्या कुस्त्यांविषयी लिहा, असे सुचवले. कुस्त्यांची माहिती कात्रणांत आहे आणि ती माझ्यापेक्षा बरी लिहिलेली आहे. मला एका संध्याकाळविषयी लिहायचे आहे. ती संध्याकाळ मी वीस वर्षे कोणाला सांगितलेली नाही. मंदानेही सांगितली नसावी. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी आधीचे थोडे सांगणे भाग आहे.

मी देवळाली प्रवरा येथे माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो आणि संध्याकाळी बाजारामागच्या तालमीत मुलांना कुस्ती शिकवत असे. मंदा मूळची अकोले तालुक्यातल्या डोंगराकडची, भातशेतीच्या गावची. गावात आठवीपुढे वर्ग नव्हता म्हणून बापाने तिला देवळालीला मामाकडे ठेवले. मी तिला प्रथम पाहिले ते शाळेत नव्हे. डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा भारा घेऊन ती मामाच्या शेतातून येत होती. वाटेत पाट आडवा आला. फळी दहा पावलांवर होती, पण तिने पाट उडी मारून ओलांडला आणि भारा जागचा हलला नाही. पोरगी कोण, कोणाची, हे मी पाहिले नाही. मी मान पाहिली. वस्तादाची नजर ही अशीच असते, तिला माणूस नंतर दिसतो. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी नववीच्या रांगेत उभी होती, आणि आठवड्याभराने तालमीच्या पायरीशी.

"मला बी खेळायचंय."

"इथे मुलींना येता येत नाही."

"का?"

"आत मारुती आहे."

तिने आत वाकून पाहिले. "मारुतीला आई न्हवती व्हय?" असे म्हणून ती तिथेच पायरीखाली बसली आणि आतली जोर-बैठकांची मोजणी बाहेरून पुरी करू लागली. तालमीतली मुले हसली. चार दिवस हा प्रकार चालला. पाचव्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडून शाळेच्या सभागृहाची किल्ली मागून घेतली आणि तिथे जुन्या गाद्या अंथरल्या. मारुतीचा नियम मी मोडला नाही. मी फक्त जागा बदलली. याला कोणी धाडस म्हणू नये.

पुढच्या सहा वर्षांत ती जिल्हा, राज्य आणि दोनदा राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेली. मी तिला मुलगी म्हणून कोणतीही सवलत दिली नाही. जे मुलांना तेच तिला… तेवढेच जोर, तेवढाच दोर, चुकल्यावर तीच शिक्षा. या गोष्टीचा मला त्या काळी अभिमान होता आणि सत्कारसमारंभांतून मी तो बोलूनही दाखवत असे. आज तो अभिमान मला तितकासा पेलत नाही. सारखे वागवणे आणि समजून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सोपी असते, म्हणून आम्ही तीच करतो.

एकविसाव्या वर्षी तिचे लग्न झाले. सासर शनिशिंगणापूरचे, घर कष्टकरी. नवरा रामनाथ सरळ माणूस. सासू अनसूयाबाई, गावात अनसाबाई, देवळाच्या वाटेवर तेल आणि रुईच्या माळांचे दुकान चालवत. मी लग्नाला गेलो, अक्षता टाकल्या, जेवलो, आणि परतीच्या वाटेत तिचे नाव मनातून खोडले. लग्न झालेला पहिलवान तालमीत पाहुणा म्हणून येतो, अशी आमच्याकडे जुनी समजूत होती. पुरुषांच्या बाबतीत तिला अपवाद असत. बाईच्या बाबतीत अपवाद असू शकेल, हे कधी मनात आले नाही.

दीड-दोन वर्षांनी एका दुपारी शाळेच्या फाटकाशी जीप थांबली. पुढे अनसाबाई, कडेवर चार महिन्यांची मुलगी. मागे मंदा, पदर खोचलेली, मान खाली. बोलल्या त्या अनसाबाईच.

"वस्ताद, ही तुमची वस्तू तुमी ताब्यात घ्या. पोर झोपलं की अंगणात बैठका मारती. उखळ उचलती. परवा म्हशीच्या रेडकाला पट काढला हिनं. रेडकू चारी पाय वर करून पडलं, आन गाव बघतंय!"

"बाळंतपण झालेल्या बाईची कुस्ती होत नाही," मी म्हणालो.

"तुमाला कितीक बाळंतपणं झाली?"

अनसाबाईंनी मूल दुसऱ्या कडेवर घेतले. "हे बघा, आमच्या घराला दार न्हाई. हिला कोंडून ठिवायची म्हणलं तरी कशी ठिवू?" त्यांच्या गावात घराला चौकट असते, दार नसते, चौकटीत पडदा सोडलेला असतो. मंदा तेव्हा पहिल्यांदा हसली. मग माझ्याकडे पाहून हळू म्हणाली, "माजी कुस्ती झाली न्हाई अजून, वस्ताद. पोर बी माजीच हाय. दोन्ही माजंच हाय." तिचे म्हणणे एवढेच होते. पुढची सगळी वर्षे ती या एका वाक्यासाठी झगडली, असे आता मागे पाहताना दिसते.

व्यवस्था अशी ठरली की सोमवार ते शुक्रवार मंदाने मामाकडे देवळालीला राहायचे आणि मुलीसाठी सासूने सोबत राहायचे. सासूने सुनेच्या मामाकडे मुक्काम करणे आमच्या भागात शोभत नाही. अनसाबाई ते जाणून होत्या. "सोयऱ्याच्या घरचं पाणी बी जड असतं," असे म्हणत त्यांनी ते पाणी पाच दिवस प्यायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी दोघींनी जीपने शिंगणापूर गाठायचे. शनिवार हा देवाचा वार. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसे, आणि मंदा पहाटेपासून बाटल्यांत तेल भरी, माळा बांधी, गिऱ्हाइकांशी घासाघीस करी, मधे मुलीला घेई. रविवारी धुणी, दळण. सोमवारी पहाटे पाचला ती माझ्यासमोर गाद्यांवर उभी राही आणि मी विचारत असे, "दोन दिवस विश्रांती झाली ना? मग पाय का उचलत नाहीत?" ती उत्तर देत नसे. तिने उत्तर द्यायला हवे होते असे मला कधी कधी वाटते. पण उत्तर देणाऱ्या पोरांना मी काय करत असे, ते तिने नववीपासून पाहिलेले होते.

सभागृहात मूल आणायचे नाही, हा माझा नियम होता. म्हणून सराव मधे थांबला की ती पाण्याच्या टाकीमागे जाई. तिथे अनसाबाई मुलीला घेऊन बसलेल्या असत. मी घड्याळ पाहत असे. दहा मिनिटांची बारा झाली की शिटी वाजवत असे. टाकीमागून अनसाबाईंचा आवाज येई, "वाजवा, वाजवा. पोराला शिटी कळत न्हाई अजून!" मंदाच्या मागोमाग सभागृहात येऊ लागलेल्या मुली तोंड फिरवून हसत. मंदा पदर सावरत पळत येई, आणि पहिल्या दोन-तीन पकडींत तिच्या अंगाला दुधाचा वास असे. ती गोष्ट मला अडचणीची वाटे. मी मुलींना दूर उभे राहून शिकवू लागलो.

बाळंतपणानंतर ती बासष्ट किलोंवर होती. तिचा गट पंचावन्नचा. दोन महिन्यांत ती छपन्नपर्यंत आली आणि तिथे अडली. त्या काळी वजन स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी होत असे. राज्य निवड चाचणी नगरलाच होती. वजनाची वेळ संपायला पाऊण तास उरला असताना ती काट्यावर दीडशे ग्रॅम जास्त भरली. अंगावर तीन कपडे चढवून तिला पळवले, घोंगडीत गुंडाळले. घाम येईना. तेवढ्यात बायकांच्या खोलीबाहेर मूल रडू लागले. मंदा मला न विचारता उठली, मुलीला घेतले, भिंतीकडे तोंड करून बसली आणि दोन्हीकडे पाजले. मला राग आला होता. वेळ चालला होता. परत येऊन ती काट्यावर चढली आणि पंच म्हणाले, "बसली." मी काटा पुन्हा पाहिला. अनसाबाई मागे उभ्या होत्या. "दूध काय हवेचं असतं व्हय, वस्ताद?" त्या म्हणाल्या. उभ्या आयुष्यात शेकडो पहिलवानांची वजने मी उतरवली. दुधाला वजन असते, हे मला त्या दिवशी एका तेल विकणाऱ्या बाईकडून कळले. दुसऱ्या दिवशी मंदा चारही कुस्त्या जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडली गेली.

इथे कोणाला वाटेल की या प्रसंगाने मी शहाणा झालो असेन. तसे झाले नाही. तालमीतल्या माणसाला एकदा डाव सापडला की तो त्याला पुन्हा टाकायचा असतो. मी दूध हा डाव म्हणून लक्षात ठेवले.

राष्ट्रीय स्पर्धा उत्तरेत होती, हिवाळ्यात. आम्ही दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून पोहोचलो. मंदा, अनसाबाई, सात महिन्यांची ऋतुजा आणि मी. मैदानाजवळच्या लॉजवर दोन खोल्या घेतल्या. वजन संध्याकाळी सहाला. सकाळी मैदानावर तपासणीच्या काट्यावर ती साडेसातशे ग्रॅम जास्त भरली. मी हिशेब केला: इतके घामाने जाईल, इतके पाणी तोडल्याने, आणि शेवटचे दोनशे ग्रॅम दुधाने. त्यासाठी मुलीला सकाळनंतर पाजायचे नाही; वजनाच्या ऐन आधी पाजायचे, म्हणजे सगळे एकदम उतरेल. मी हे दोघींना समजावून सांगितले. मंदा खाली पाहत होती. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता, ओठांना चिरा पडल्या होत्या. अनसाबाई म्हणाल्या, "हिचं वजन तुमी बघताय. लेकराचं कोण बघणार?" मी म्हणालो, बाटलीचे दूध द्या. एका दिवसाचा प्रश्न आहे.

मुलीने बाटली घेतली नाही. तोंडात धरली की थुंके. अनसाबाई कापसाच्या बोळ्याने साखरेचे पाणी तोंडात पिळत राहिल्या. भिंत पातळ होती. एका खोलीत मंदा दोन घोंगड्यांत, दोराच्या उड्या मारत. दुसऱ्या खोलीत मूल रडत. रडणे वाढले की मंदाचा सदरा पुढून ओला होई. ती माझ्याकडे पाहत नसे, उड्या मोजत राही. दोनच्या सुमारास ओल येणे थांबले. ते माझ्या ध्यानात आले होते. त्याचा अर्थ काय, हे मी कोणाला विचारले नाही. तीनला ती म्हणाली, "वस्ताद, एकदा काटा बघून येऊ का? धा मिन्टं लागत्याल."

"नाही."

आमच्या तालमीत एक रीत होती. वजन उतरवताना मधे काटा पाहायचा नाही. सारखा काटा पाहिला की अंग धरून बसते, उतरत नाही, असे आमचे वस्ताद सांगत, त्यांचे वस्ताद त्यांना सांगत. मी शिकलेला माणूस, शाळेत विज्ञानाचे तासही घेतलेले. तरी ती रीत मी तपासून पाहिलेली नव्हती. तपासणीचा काटा दिवसभर उघडा होता, लॉजपासून दहा मिनिटांवर… मी तिला पाठवले नाही, स्वतःही विचारायला गेलो नाही. चारच्या सुमारास मुलीचे रडणे थांबले. मला हायसे वाटले. भिंतीपलीकडे अनसाबाई तिचे नाव घेऊन तिला हलवू लागल्या, तेव्हा मला समजले की तान्ह्या मुलाने रडणे थांबवले की बायका घाबरतात. मूल थकून झोपले होते, इतकेच. पण मंदाच्या हातातला दोर गळून पडला होता आणि ती भिंतीला कान लावून उभी होती.

साडेपाचला मैदानावर बायकांच्या खोलीत तिने मुलीला छातीशी घेतले. मुलीने ओढले, तोंड बाजूला केले, पुन्हा ओढले, आणि मग अशी ओरडली की बाहेरचे शिपाई वळून पाहू लागले. दूध आले नाही. एक थेंब नाही. माझ्या हिशेबातले ते दोनशे ग्रॅम कुठेच नव्हते. पडद्याबाहेरून मी हाक मारली, तशी ती मुलीला सासूकडे देऊन तशीच काट्यावर चढली. पंचांनी आकडा वाचला. ती मर्यादेपेक्षा चारशे ग्रॅम खाली होती.

चारशे ग्रॅम. म्हणजे दुपारीच, बहुधा दोनच्या आधी, ती वजनात बसली होती. त्यानंतरची तहान, त्यानंतरचे रडणे, सगळे विनाकारण होते. शेजारच्या राज्याचे एक प्रशिक्षक माझा खांदा थोपटून म्हणाले की वजन सुंदर उतरवलेत. आणि मला हे लिहिताना संकोच होतो, पण एक क्षणभर मला ते ऐकून बरे वाटले. मग अनसाबाई म्हणाल्या, "म्हंजी दुपारी पाजली असती तरी चाललं असतं." त्यांनी ते टोमण्याने म्हटले नाही. त्या फक्त समजून घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी मंदा तिसरी आली. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत फोटो छापून आले, त्याचे कात्रण माझ्याकडे आहे. परतीच्या गाडीत मुलगी पदकाची फीत चोखत होती. गावी आल्यावर अनसाबाईंनी हाळिवाची खीर केली, शतावरी दिली, कोणी सांगितले ते ते केले. दूध परतले नाही. पंधरा दिवसांनी मंदा सरावाला आली तेव्हा मला एवढेच म्हणाली, "गाईचं दूध चालतंय म्हणत्यात, वस्ताद." आणि डोक्याला रुमाल बांधून गाद्यांवर गेली. त्या दिवशी टाकीमागे कोणी नव्हते. मला शिटी वाजवावी लागली नाही.

त्यानंतर ती सहा वर्षे खेळली. राष्ट्रीय शिबिरे लागत, तीन तीन महिने ती बाहेर असे. ऋतुजा शिंगणापूरला दुकानात, आजीच्या मांडीवर वाढली. आजीला ती आई म्हणे आणि मंदाला पहिलवान. "पहिलवान आली!" असे ओरडत ती रस्त्यापर्यंत धावत येई. येणारी-जाणारी माणसे कौतुकाने हसत. मंदाही हसे. एका शनिवारी मी मुद्दाम त्या दुकानावर गेलो होतो. ती तेलाच्या बाटल्या भरत बसली होती, कुस्तीने मोडलेले कान पदराखाली झाकलेले, समोर गिऱ्हाईक भाव करत होते आणि ती उघड्या डोळ्यांनी झोपली होती. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "अंग दुखतं त्याचं काई न्हाई, वस्ताद. पण हितं आले की वाटतं सराव बुडतोय. तितं गेले की वाटतं पोर बुडतंय. दोन्हीकडं उसनी आल्यासारकी वाटती मी." मी तिला काय सांगायला हवे होते, हे मला आजही ठाऊक नाही. मी सांगितले की उजव्या पायाची पकड सैल पडते आहे. ती म्हणाली, "व्हय. बगते."

गुडघ्याने साथ सोडली तेव्हा तिने खेळ थांबवला. ऋतुजा सहा-सात वर्षांची होती. त्यानंतर मायलेकींचे हळूहळू जमले, म्हणजे जितके जमायचे तितके. पोरगी तिला आई म्हणू लागली. ते कधी, हे मंदालाही नेमके सांगता येत नसे. ऋतुजाने कुस्ती घेतली नाही, मंदाने आग्रह धरला नाही. मंदाने प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि राहुरीच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये मुलींची तालीम काढली. तिथे मारुतीची तसबीर आहे आणि मुली तिला फुले वाहतात. निवृत्तीनंतर मी कधीमधी तिथे जाऊन खुर्चीवर बसत असे. लग्न झालेल्या मुली येत, लेकुरवाळ्या येत. गाद्यांच्या कडेला झोळी बांधलेली असे, आणि एखादीचे मूल रडले की कुस्ती तिथेच सुटे. सुरुवातीला मला ते सहन होत नसे. मंदा चहा मागवी आणि माझा कप माझ्या हातात देई. एवढ्यावर मी समजत असे.

चार वर्षांपूर्वी अनसाबाई गेल्या. गेल्या वर्षी मंदाचे दुखणे निघाले. उशिरा निघाले, कारण थकवा हा तिला आजार वाटत नसे.

आता इस्पितळातल्या त्या अर्ध्या तासाविषयी. ऋतुजा औषधे आणायला खाली गेली होती. शेजारची बाई झोपली होती. मी म्हणालो, "मधे काटा पाहायला हवा होता." कोणता काटा, कोणता दिवस, हे मी सांगितले नाही. तिने पंख्याकडे पाहिले.

"व्हय," ती म्हणाली. "पाहायला हवा हुता."

मी वाट पाहिली. माझ्या वयाच्या माणसाला अशा वेळी वाटते की पुढे काहीतरी येईल… जाऊ द्या वस्ताद, झाले ते झाले, असे काहीतरी. ते आले नाही. ते न आल्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. खोटे ती कधी बोलली नाही. थोड्या वेळाने तिनेच पुन्हा तोंड उघडले. "मी बी जायला हवं हुतं. धा मिन्टांची वाट हुती. पाय तर माजे हुते." मग उशी वर करायला सांगितली. मी ती नीट केली. ऋतुजा आली, मी उठलो.

गेल्या रविवारी तिच्या शेडमध्ये जिल्ह्याच्या संघासाठी मुलींची चाचणी होती. रामनाथने फोन करून विचारले की तुमच्याशिवाय कोण आहे. मी गेलो. वही, पेन घेतले आणि वजने लिहायला काट्यापाशी खुर्ची मांडली. मुली दाराशी घोळक्याने उभ्या राहिल्या, आत कोणी येईना. शेवटी त्यांच्यातली थोरली पुढे आली. "वस्ताद, तुमी भायेर थांबा."

"वजने कोण घेणार?"

"आमची आमी. ताईचा नियम हाय. काट्यापाशी पोरगी एकटी. वस्ताद न्हाई, नवरा न्हाई, सासू न्हाई. ताई सोता बी भायेरच जायची. पोरगी बघणार, आन मंग कुठल्या गटात खेळायचं ते तिचं तिनं भायेर येऊन सांगायचं."

"केव्हापासून आहे हा नियम?"

"पैल्यापासनं. तुमाला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे मी तिथे जात होतो. वजनाच्या दिवशी मात्र मंदाने मला कधी बोलावले नव्हते. मी खुर्ची उचलून बाहेर लिंबाखाली नेली. एकेक मुलगी आत जाई, बाहेर येई, गट सांगे, मी लिही. आकडा कोणी सांगितला नाही, मीही विचारला नाही. अकोले तालुक्यातली एक सविता म्हणून आहे, आठ महिन्यांच्या मुलाची आई. तिला पाहताच मी मनात खालच्या गटात धरले होते. तिथे तिला पदक आहे, हे कोणताही वस्ताद सांगेल. ती बाहेर आली आणि म्हणाली, "वरच्या गटात लिवा."

"खालच्या गटात बसशील तू. किलोभराचाच प्रश्न आहे."

"बसंन की. वरच्यात लिवा."

मी लिहिले. पहिली कुस्ती तिचीच होती. पंच गाद्यांवर उभे होते, समोरची मुलगी कमरेवर हात ठेवून तयार होती. सविताने झोळीतून मूल उचलले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पाजून येते, वस्ताद. पाच मिन्टं."

पाच नव्हे, वीस मिनिटे लागली. मी थांबलो.